घरी मार्शल आर्ट्सचा सराव आणि स्पारिंग: सामान नक्की काय घ्यावं?

उंबरा:
नमस्कार मंडळी. मी काही वर्षं किकबॉक्सिंग शिकते आहे. धाकटा भाऊ सोळा वर्षांचा, तो कराटे करतो. दोघांच्या क्लासच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून घरीच एकत्र सराव आणि स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) करायचं ठरतंय. एक खोली रिकामी करता येईल, साधारण १० बाय १२ फूट, खाली फरशी. भाऊ माझ्यापेक्षा उंच आहे, वजनही बारा-तेरा किलो जास्त.

क्लासमध्ये हेडगार्ड, पॅड सगळं सामायिक असतं. स्वतःचे म्हणावेत असे माझ्याकडे फक्त ठोसे मारायच्या बॅगवर वापरायचे १० औंसचे ग्लोव्हज आणि हँडरॅप (ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या). भावाकडे कराटेचे पातळ ग्लोव्हज. 'संपूर्ण स्पारिंग संच' म्हणून एकत्र मिळतात ते घ्यावेत का? आधी बॅग की आधी मॅट? आणि हेडगार्ड घातलं की डोक्याची काळजी मिटते का? आईबाबांना पटवायचं आहे, तेव्हा सुरक्षिततेबद्दल सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

कातळ:
उंबरा, मी बरीच वर्षं शिकवतो आहे, त्यावरून लिहितो.

खरेदीच्या आधी दोघांनी बसून ठरवा की घरी तुम्ही नक्की काय खेळणार. प्रत्येक खेळाचं सामान त्या खेळाच्या नियमांवर बेतलेलं असतं. तायक्वांदोच्या स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा मारायला परवानगीच नाही, म्हणून त्यांचं हेडगार्ड कवटीभोवती जाड आणि चेहऱ्याला उघडं. कराटेच्या कुमितेत, म्हणजे जोडीच्या लढतीत, डोक्यावरचा ठोसा आवरता घ्यावा लागतो, जोरात लागला तर मारणाऱ्यालाच दंड. म्हणून तिथे पातळ ग्लोव्हज चालतात. एमएमएच्या (मिश्र मार्शल आर्ट्सच्या) स्पर्धेतले ४ औंसचे उघड्या बोटांचे ग्लोव्हज पकड घेता यावी म्हणून तसे असतात. समोरच्याचा चेहरा वाचवणं हे त्यांचं काम नाही.

तुमच्या घरात दोन वेगळ्या नियमांचं सामान आमनेसामने येणार आहे. तुम्ही किकबॉक्सिंगच्या सवयीने मोकळा हात मारणार आणि भाऊ पातळ ग्लोव्हज घालून उत्तर देणार, हे चालायचं नाही. दोघांना एकच नियम आणि एकाच प्रकारचं सामान हवं. नियम ठरला की खरेदीची यादी आपोआप निम्मी होते.

संच घेऊ नका. त्यात एकदोन वस्तू बऱ्या असतात आणि बाकीच्या नुसती संख्या वाढवतात. शिवाय सगळं एकाच मापाचं, आणि तुम्हा दोघांची मापं तर लांबलांबची.

क्रम विचाराल तर: जमीन, माउथगार्ड (दातांचं कवच), ग्लोव्हज, शिन गार्ड (नडगीचं कवच), गुप्तांगाचं गार्ड, मग पॅड. बॅग त्यानंतर.

पाणवठा:
बॅग शेवटी? माझ्या मते एकट्याने सराव करायचा तर बॅगेला पर्याय नाही.

कातळ:
एकट्याला, बरोबर. पण यांच्याकडे जोडीदार आहे. फोकस पॅडची (जोडीदार हातात धरतो त्या ठोसे झेलायच्या गाद्यांची) एक जोडी असली तर बॅगेवर होतं त्यातलं बरंच काम होतं. वेळ साधणं, अंतर राखणं, ठोसा परत आणणं, हे तर बॅग शिकवतच नाही.

आता जमिनीबद्दल. स्पारिंगमध्ये सगळ्यात जोराचा मार बहुतेक वेळा मुठीचा नसतो, जमिनीचा असतो. लाथ मारताना टेकलेला पाय निसटतो, माणूस मागे पडतो आणि डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटते. हेडगार्ड घातलेलं असलं तरी हा धक्का मोठाच. म्हणून मॅट आधी.

उभ्याने ठोसे-लाथा एवढंच करणार असाल तर एकमेकांत अडकणाऱ्या ईव्हीए फोमच्या २० ते २५ मिलिमीटर जाडीच्या मॅट पुरतात. पण जाडीपेक्षा घनता बघा. कोपरा चिमटीत दाबून सोडा. बोटं एकमेकांना जवळपास भेटली आणि खड्डा तसाच राहिला, तर ती लहान मुलांच्या खेळण्याची मॅट आहे. अतिमऊ मॅट उलट घातक. गोल फिरून लाथ मारताना टेकलेल्या पायाचा चवडा वळायला हवा, तो फोममध्ये रुतला की वरचं शरीर फिरतं आणि गुडघा जागच्या जागी राहतो. गुडघ्याच्या आतले अस्थिबंध असेच जातात. याच कारणासाठी गाद्या अंथरून त्यावर सराव करू नये.

मॅट भिंतीपासून भिंतीपर्यंत घाला. मध्ये चौकोन आणि भोवती फरशी ठेवली की कडेवर घोटा मुरगळतो आणि मॅट सरकते. अंथरण्याआधी फरशी पुसून पूर्ण कोरडी करा, धुळीवर मॅट घसरते.

आणि उचलून फेकणं, पाडणं घरी नाही. ज्युदोच्या ४० मिलिमीटरच्या दाट मॅट आणल्या तरी १० बाय १२च्या खोलीत फेकलेला माणूस भिंतीवर जातो.

डावखुरा:
कातळ यांच्याशी सहमत. ग्लोव्हजबद्दल मी भर घालतो.

औंस हे एका ग्लोव्हचं वजन असतं, जोडीचं नाही. १६ औंस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. स्पारिंगला प्रौढांनी १६ औंस घ्यावेत, अगदी हलक्या अंगाच्या व्यक्तीने १४. तुमच्या बाबतीत मी भावाला १६ आणि तुम्हाला १४ किंवा १६ सुचवेन. ग्लोव्ह निवडताना लोक स्वतःच्या मुठीचा विचार करतात. स्पारिंगचा ग्लोव्ह समोरच्याच्या नाकासाठी घ्यायचा असतो. जो वजनाने जास्त, त्याचा ग्लोव्ह जास्त जाड आणि जास्त मऊ.

बॅगेचे आणि स्पारिंगचे ग्लोव्हज वेगळेच हवेत. बॅगवर रोज आपटून मुठीच्या सांध्यांवरचा फोम चेपतो, कडक होतो, आणि बाहेरून ते कळत नाही. घ्यायच्या आधी, आणि पुढेही अधूनमधून, ग्लोव्ह हातात घालून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सांध्यांवर जोरात दाबा. आतली हाडं बोटाला जाणवली तर तो ग्लोव्ह माणसावर वापरायचा नाही. अंगठा बाजूला शिवून जोडलेला असावा, सुटा अंगठा डोळ्यात जातो. मनगटाची पट्टी रुंद असावी.

हँडरॅप साडेचार मीटरचे घ्या. अडीच मीटरचे लहान मुलांना ठीक. मोठ्या हातावर मनगटाचे वेढे झाले की सांध्यांसाठी काही उरतच नाही. करंगळीच्या बाजूचं हाड नीट गुंडाळा. ओबडधोबड ठोशात तळहाताचं तेच हाड सर्वांत जास्त मोडतं, अगदी 'बॉक्सरचं फ्रॅक्चर' म्हणूनच ते ओळखलं जातं.

शुभ्रा_क:
हेडगार्डचा प्रश्न कुणी घेतला नाही. माझ्या मते ते घातलं की निर्धास्त मोकळेपणाने मारता येतं. आमच्या क्लासमध्ये हेडगार्डशिवाय जोराचं स्पारिंग करूच देत नाहीत.

निळाई:
शुभ्रा, इथे मला थांबवावंसं वाटतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि खेळाडूंच्या दुखापती हेच माझं रोजचं काम आहे.

हेडगार्ड काय करतं? भुवई फाटणं, कानावर सूज, डोक्याला डोकं लागून होणारी जखम, कवटीवर थेट आपटणं, हे ते बऱ्यापैकी कमी करतं. काय करत नाही? मेंदूला बसणारा हिसका थांबवत नाही. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगतो. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोकं झटक्यात फिरतं, कवटी आधी वळते, मेंदू मागून वळतो आणि त्याच्या तंतूंवर ताण येतो. बाहेर दोन सेंटिमीटर फोम लावून हे फिरणं थांबत नाही. वर हेडगार्डमुळे डोक्याचा आकार वाढतो, म्हणजे चुकला असता असा ठोसाही लागतो. गालाची पट्टी जाड असेल तर बाजूने वळून येणारा ठोसा (हूक) दिसत नाही, आणि न दिसलेल्या ठोशाला मान तयार नसते.

हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये वरिष्ठ गटातल्या पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढलं आणि २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याशिवाय खेळले. त्या निर्णयावर वैद्यकीय क्षेत्रात बराच वाद झाला आणि चेहऱ्यावर जखमा वाढल्याच्या तक्रारीही आल्या. त्यावरून घरी हेडगार्ड नकोच असा अर्थ मी काढत नाही. घरी घालाच, विशेषतः सोळा वर्षांच्या मुलाने. पण ते जखम टाळायला घालायचं. त्याच्या भरवशावर जोर वाढवला की फायदा तिथेच संपला.

आईबाबांना पटवण्यासाठी सामानापेक्षा उपयोगी पडेल असा नियम सांगते: डोक्यावर फक्त स्पर्श. जोर अंगावर आणि मांडीवर, तोही दोघांनी आधी ठरवून. शिकणारा मेंदू घडत असतो आणि घरच्या सरावातून एकही जोराचा ठोसा डोक्यात बसायची गरज नाही.

शुभ्रा_क:
हे माहीत नव्हतं. क्लासमध्ये सरांना विचारते. पण मग हेडगार्ड निवडायचं कसं?

निळाई:
घालून बघितल्याशिवाय घेऊ नये. हनुवटीचा पट्टा लावा आणि 'नाही' म्हणतो तशी मान जोरात हलवा. डोकं वळलं आणि हेडगार्ड मागे राहिलं तर ते डोळ्यांवर येणार. मग मान न वाकवता खाली बघा, स्वतःच्या पायाची बोटं दिसली पाहिजेत. दोन्ही हात कानांच्या रेषेत बाजूला धरून बोटं हलवा, समोर बघताना हालचाल जाणवायला हवी. नाकासमोर आडवी दांडी असलेले प्रकार नाक वाचवतात, पण दांडीवर बसलेला ठोसा सगळं डोकं ढकलतो. स्पर्शाच्या सरावाला त्याची गरज नाही.

पाणवठा:
माउथगार्डवर कुणीतरी लिहा. भावाच्या वयाच्या मुलांना बऱ्याचदा दातांना तारा असतात.

कातळ:
चांगला मुद्दा. तारा असतील तर दंतवैद्याकडूनच करून घ्या. बाजारातला गरम पाण्यात मऊ करायचा माउथगार्ड तारांवर घट्ट बसतो, ओढताना तारा हलवतो, आणि दात सरकत असल्याने थोड्या दिवसांत बसेनासाही होतो.

तारा नसतील तर हा गरम पाण्याचा प्रकार पुष्कळ. वरच्या दातांवर बसवायचा. पाण्यात किती सेकंद ठेवायचा ते पाकिटावर असतं, तेवढंच. आधी आरशासमोर कोराच ठेवून बघा. मागे घशाला टोचत असेल तर कात्रीने थोडा कापा, पण दाढा झाकलेल्या राहिल्या पाहिजेत. मऊ झाला की वरच्या दातांवर ठेवून हळू चावा, हवा आत ओढा, ओठांवरून बोटांनी हिरड्यांकडे दाबा आणि जीभ टाळूला लावून आतून दाबा. मग गार पाण्यात. बसला की नाही याची खूण सोपी आहे: तोंड उघडं टाकलं तरी खाली पडता कामा नये आणि तो घालून स्वतःचं नाव स्पष्ट सांगता यावं. सतत चावून धरावा लागतो तो बसलेला नाही. त्याने जबडा दमतो आणि तोंडाने श्वास घेता येत नाही, मग नवखे लोक दुसऱ्या मिनिटाला काढून ठेवतात.

स्पर्शाच्या सरावालाही हा घालायचाच. सगळ्या सामानात कमी खर्चात जास्त काम करणारी वस्तू ही.

सांजवारा:
उंबरा, मी स्वतः मुय थाय (थायलंडचं किकबॉक्सिंग) करते. बायकांच्या सामानाबद्दल धाग्यात कुणी बोलत नाही म्हणून लिहिते.

गुप्तांगाचं गार्ड बायकांचंही वेगळं मिळतं आणि लाथांच्या सरावात ते हवंच. पुरुषांचं लहान मापाचं घेऊन भागत नाही, त्याची घडण वेगळी असते आणि ते जांघेत रुततं. छातीसाठी दोन प्रकार आहेत. स्पोर्ट्स ब्रामध्ये सरकवायच्या कडक कवचाच्या वाट्या, आणि सलग एकसंध कवच. स्पर्शाच्या सरावाला मी दोन्ही घालत नाही, घट्ट स्पोर्ट्स ब्रा पुरते. भाऊ अंगावर जोर लावणार असेल तर सलग कवच घ्या, वाट्या धक्क्याने हलतात आणि कडा बरगडीला लागते.

शिन गार्ड घेताना उंची बघा. गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं जागा सोडून सुरू व्हावा आणि पावलाचा वरचा भाग झाकावा. घालून उकिडवं बसा, वरची कड गुडघ्याला टोचली तर माप मोठं आहे. मोज्यासारखे ओढून घालायचे कापडी प्रकार सुटसुटीत असतात पण पातळ, दोघांच्या नडग्या एकमेकींवर आपटल्या की काही उपयोग होत नाही. वेल्क्रोचे जाड घ्या. हेही समोरच्यासाठी असतं, नडगीचं हाड फार टणक.

रानवाट:
थोडं विषयांतर. आम्हाला घरी लाठीचा आणि एस्क्रिमाच्या (फिलिपिन्सच्या काठीयुद्धाच्या) आखूड काठीचा सराव करायचा आहे. तलवारबाजीचा मुखवटा चालेल का?

डावखुरा:
वेताच्या काठ्या घ्या, साधारण २६ ते २८ इंची. वेत मोडताना टोकदार तुकडा उडत नाही, तंतू सुटत सुटत विस्कटतो. सुटलेल्या तंतूवर लगेच टेप गुंडाळायची. दुसऱ्या कडक लाकडाची काठी जोडीच्या सरावात नको. माणसावर मारायची तर फोमने मढवलेली काठी.

तलवारबाजीचा मुखवटा बारीक, लवचीक पात्यासाठी बनवलेला असतो. डोळे आणि चेहरा तो वाचवेल, पण काठीचा बोथट घाव डोक्याच्या वर किंवा मागे बसला तर तिथे त्याच्याकडे फारसं काही नसतं. मढवलेल्या काठीला तो चालतो, वर आणि मागे जादा कवच लावून. नुसत्या वेताच्या पूर्ण जोराला नाही.

मुखवट्याच्या जाळीवर कधीही काटकसर करू नये. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत तलवारबाज व्लादिमीर स्मिर्नोव्ह, जो १९८०चा ऑलिम्पिक विजेता होता, त्याच्या मुखवट्यातून प्रतिस्पर्ध्याचं मोडलेलं पातं आत गेलं आणि काही दिवसांनी तो वारला. त्यानंतर जाळी, पाती आणि पोशाख यांचे निकष कडक झाले. जुना, गंजलेला किंवा पोचा आलेला मुखवटा कुणी भेट दिला तरी घालू नका.

पूर्ण लांबीची लाठी खोलीत नाही. छत, पंखा, दिवे, सगळं तिच्या टप्प्यात येतं. मोकळं मैदानच हवं.

कातळ:
बांबूचं शिनाई (केंडोची सरावाची तलवार) वापरणाऱ्यांनीही दर वेळी सरावाआधी चारही पट्ट्या बोटांनी चाचपाव्यात. चिरलेल्या बांबूची कुसळं मुखवट्याच्या गजांमधून आत जातात.

पाणवठा:
बॅगेचं राहिलंच. पुढेमागे घ्यायची झाली तर?

कातळ:
आपल्या वजनाच्या निम्म्या वजनाची, हा ढोबळ अंदाज. साठ किलोच्या माणसाला तीस किलो. लाथा मारायच्या तर लांब बॅग, मांडीच्या उंचीपर्यंत खाली येणारी. आत कापडाच्या चिंध्या उत्तम. नुसती वाळू खाली बसते, खालचा भाग दगड होतो आणि वरचा रिकामा. लाथ मात्र खालीच बसते.

टांगायची तर स्लॅबमध्ये योग्य अँकर बोल्ट जाणकाराकडून बसवून घ्या, खोट्या छताला किंवा पंख्याच्या हुकाला नाही. डोलणारी बॅग स्वतःच्या वजनापेक्षा पुष्कळ जास्त ओढ लावते. साखळी आणि हुक यांच्यामध्ये स्प्रिंग घातली तर हादरा कमी पोचतो. तरी इमारतीत आवाज स्लॅबमधून खालीवर जातोच, शेजाऱ्यांशी आधी बोलून वेळ ठरवलेली बरी. जमिनीवर उभी राहणारी, तळात पाणी किंवा वाळू भरायची बॅग भाड्याच्या घरात सोयीची, पण जोराच्या लाथेने ती सरकते.

उंबरा:
इतक्या सविस्तर प्रतिसादांसाठी मनापासून आभार. आईने पूर्ण धागा वाचला आणि 'डोक्यावर फक्त स्पर्श' हे वाक्य कागदावर लिहून खोलीच्या दाराला लावलं आहे. आता मॅट, दोघांचे माउथगार्ड, ग्लोव्हज, शिन गार्ड आणि गुप्तांगाची गार्ड असं घेतोय. हेडगार्ड दोघं दुकानात जाऊन घालून बघणार. पॅड पुढच्या महिन्यात. दोन शंका उरल्या. चुकून डोक्याला जोरात लागलंच तर काय करायचं? आणि सामानाला वास येऊ नये म्हणून काय करता?

निळाई:
त्या दिवसाचा सराव तिथेच बंद, 'मला काही झालेलं नाही' म्हटलं तरी बंद. डोकं दुखणं, गरगरणं, उजेड सहन न होणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगेपर्यंत स्पारिंग नाही. शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, झटका आला, बोलणं अडखळलं, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, तर थेट रुग्णालय, वाट बघायची नाही. पहिली इजा भरून येण्याआधी दुसरा मार बसणं हे सगळ्यात धोक्याचं, तरुण मुलांत तर फारच. म्हणून सरावाच्या वेळी घरात तिसरं माणूस असावं असं मला वाटतं, ज्याला 'थांबा' म्हणायचा अधिकार आहे.

सांजवारा:
वासाचं उत्तर: ग्लोव्हज बॅगेत बंद ठेवायचे नाहीत. सराव संपला की आतून कोरड्या फडक्याने पुसा, तोंड उघडं करून पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात तासन्‌तास ठेवलं तर कातडं तडकतं. हँडरॅप दर वेळी धुवा, वेल्क्रो बंद करून, नाहीतर सगळ्या कपड्यांना चिकटतो. मॅट सरावानंतर जंतुनाशकाने पुसा आणि त्यावर चपला घालून कुणाला येऊ देऊ नका. अंगावर गोल, खाजणारा चट्टा दिसला तर तो बरा होईपर्यंत जोडीचा सराव थांबवा, गजकर्ण मॅटवरून आणि सामानावरून घरभर पसरतं. हेडगार्ड आणि माउथगार्ड एकमेकांचे वापरू नका, भावंडं असलात तरी.

डावखुरा:
आणि स्पारिंगआधी दोघांनी एकमेकांच्या ग्लोव्हजच्या वेल्क्रोवर कापडी टेपचा एक वेढा मारायचा. उघडी पडलेली वेल्क्रोची कड डोळ्याजवळची कातडी खरवडते.